जिनिंगवाला समुद्रात

आखाडा बाळापूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागून कोणीतरी माझ्या खांद्यावरची पिशवी जोरात ओढली. वळून पाहतो तर शेषराव मामा, माझ्या आईचा एकुलता एक भाऊ. मोटरसायकल चालूच ठेवून तो धावत आला होता.

"ही पिशवी माही हाये," तो म्हणाला. "पकड माही, टेस्टर माहा, हातोडी माही. काम बी म्याच शिकिवलं तुला. ते डोक्यातून काढून घेता येत न्हाई, न्हाई तं ते बी आज घेऊन गेलो असतो."

बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या बायका, हमाल, कंडक्टर, सगळे बघत राहिले. त्यातली अर्धी माणसं आम्हा दोघांना ओळखत होती, म्हणूनच कोणी मध्ये पडलं नाही. पिशवीतली पकड मी स्वतः नांदेडहून आणलेली होती, पण मी हात सोडला. माझे वडील, दादा, मेंढरं माझ्या थोरल्या भावाच्या हवाली करून मला सोडायला आले होते. ते मग मला म्हणाले, "बस गाडीत. रिकाम्या हातानं जाय. पर ह्याच्या दाराला पुन्हा जाऊ नको."

आई स्टँडवर आलीच नव्हती.

हे मी दोघांसाठी लिहितोय. जे गावात राहिले आणि माझं नाव निघालं की अजूनही "मामाच्या पोटावर पाय देऊन गेला" म्हणतात, त्यांच्यासाठी. आणि जे माझ्यासारखे निघाले, कोणी आखातात, कोणी पुण्याला, आणि गावाची आठवण आली की डोळे भरून येतात म्हणतात, त्यांच्यासाठीही. माझे डोळे भरून येत नाहीत. मला आधी राग येतो. बाकी जे यायचं ते त्याच्या मागून येतं.

आमचं घर धनगराचं. दादांची मेंढरं आणि कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा. मेंढरांमागे थोरला भाऊ गेला, मला हिंगोलीच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या ट्रेडला घातलं. तिथून निघालो तो सरळ मामाच्या हाताखाली. कळमनुरीत मामाचा वायरिंगच्या ठेक्याचा धंदा होता. घरगुती कामं तो घ्यायचा नाही. दुकानांचे गाळे, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, डाळ मिल, कापसातली सरकी काढायचं जिनिंग, अशी मोठी कामं घ्यायचा. मामा कामाचा माणूस होता, हे मी आजही नाकारत नाही. पाइप न चेपता कसा वाकवायचा, मोटर नुसत्या आवाजावरून कशी ओळखायची, भिंत फोडताना मालकाला बोलण्यात कसं गुंतवून ठेवायचं, हे सगळं त्याचंच. त्याची मुलगी मलाच द्यायची हेही घरात धरून चाललेलं होतं. मला तो "जावईबापू, शिडी धरा" असं म्हणायचा आणि सगळी साइट हसायची. मीही हसायचो.

मग जवळा बाजारच्या बाजूला एका नव्या जिनिंगचं काम आलं. कापसाचा हंगाम तोंडावर होता आणि मालकाला घाई होती. वायरिंग झालं, मोटरी बसल्या, स्टार्टर लागले. राहिलं होतं ते अर्थिंग. मशीनमध्ये कधी करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता तारेतून जमिनीत जावा, म्हणून खोल खड्डा खणून, त्यात पत्रा पुरून, कोळसा-मीठ भरून तार जोडायची असते. पत्रा आणायला मी कळमनुरीला गेलो. जाताना मामाला सांगून गेलो, "मी येईस्तोर चालू करू नका."

मी परत आलो तेव्हा मशीन चालू होऊन बंदही झाली होती. आवारात माणसांचा गराडा होता. कौसल्याबाई नावाची एक बाई सांडलेला कापूस गोळा करत होती. तिने आधाराला मशीनच्या सांगाड्याला हात लावला आणि हात तिथेच चिकटला. लाकडाच्या दांड्याने मारून तिला सोडवलं. तिचा उजवा हात मी पाहिला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

मालक मामावर ओरडत होता. मामाने मला गर्दीतून येताना पाहिलं, पुढे आला आणि खाडकन माझ्या तोंडात मारली. "ह्या पोरानं काम केलं हाये," तो मालकाला म्हणाला. "म्या भरवशावर सोडलं अन् ह्यानं बराबर जोडलं न्हाई."

माझ्या हातात तो तांब्याचा पत्रा होता. मी तो सगळ्यांसमोर खाली ठेवला. "अर्थिंगचा खड्डाच न्हाई खंदलेला," मी म्हणालो. "चला, दाखवतो." भिंतीलगत तार जमिनीत शिरत होती तिथे मी हाताने माती उकरली. वीतभर खाली तारेचं उघडं टोक निघालं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. मालकाने ते पाहिलं, कौसल्याबाईच्या नवऱ्याने पाहिलं. मामाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी नंतर कित्येक वर्षं रोज डोळ्यांपुढे पाहत आलो.

मामाचं ते काम गेलं, त्यामागून आणखी दोन गेली. घरी आईला हे माझ्याआधी कळलं होतं. ती चुलीपुढे बसली होती. मी उंबऱ्यात असतानाच तिने विचारलं, "खरं व्हतं तं घरात बोलायचं. चारचौघात काहून बोललास?"

"माय, त्या बाईचा हात जळाला."

"जळाला. वाईट झालं. पर मला भाऊ एकच हाये."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. वाढायची, पण ताट समोर सरकवून वळायची. काही सांगायचं असलं तर दादांना सांगायची, मी समोर बसलेलो असताना. "त्याला म्हणा, अंघोळीचं पाणी काढलं हाये." दादा माझ्याकडे बघायचे आणि तेवढंही म्हणायचे नाहीत, कारण मी ऐकलेलंच असायचं.

कळमनुरीपासून नांदेडपर्यंतच्या ठेकेदारांना मामाने सांगून ठेवलं होतं की हा पोरगा मालकासमोर उलटतो. कोणी मला शिडीलाही हात लावू दिला नाही. सहा-सात महिने मी भावासोबत मेंढरं राखली. मामाने मुलगी परभणीकडे देऊन टाकली. लग्नाला आई गेली, आम्ही गेलो नाही.

ईदला रफिक आला. आयटीआयमधला माझा जोडीदार, हिंगोलीचा. तो मुंबईपुढच्या समुद्रात, तेल काढायच्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चल मेरे साथ. वहां कोई मामा नहीं है."

"मी कायाधू नदीच्या पुढं पाणी पाहिलेलं न्हाई," मी म्हणालो.

"मैंने कौन-सा देखा था?"

म्हणून त्या दिवशी मी बाळापूरच्या स्टँडवर उभा होतो.

गाव सोडताना माणूस मोठ्या जगात जातो म्हणतात. मी गेलो ते जग आमच्या खळ्याएवढं होतं, लोखंडाचं होतं आणि चारी बाजूंनी पाणी होतं. आधी मुंबईत ट्रेनिंग झालं, तिकडे नेणारं हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं याचं. हेलिकॉप्टरसारख्या एका पिंजऱ्यात पट्ट्याने बांधून तलावात बुडवायचे आणि उलटं करायचे. विहिरीत पोहलेला माणूस मी, पाण्याला भीत नव्हतो. पण उलटं टांगलेलं असताना खिडकी कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. पहिल्यांदा मला बाहेर ओढून काढावं लागलं. शिकवणारा म्हणाला, जमत नसेल तर घरी जा. मी पुन्हा पिंजऱ्यात जाऊन बसलो. घरी कोणाकडे जायचं होतं?

समुद्राचं कौतुक मला जमत नाही. जे करतात त्यांनी तिथे महिनाभर राहून पाहावं. टर्बाइनचा आवाज झोपेतही थांबत नाही. जेवणाला, उशीला, नाकात, सगळीकडे तेलाचा वास. मीठ लोखंडाला खातं, केबलला खातं, माणसालाही खातं. आज घासून रंगवलेली स्विचची पेटी रजेवरून येईपर्यंत गंजलेली. आमच्याकडे मेंढरं हिरव्या तुकड्यासाठी मैलोन् मैल जातात. इथे डोळ्याला हिरवं म्हणून जेवणातली भेंडीच.

आणि काम! कळमनुरीत बटण दाबलं, दिवा लागला, की काम झालं. इथे दिवा लागणं हा कामाचा सगळ्यात छोटा भाग होता. आजूबाजूला गॅस, त्यामुळे ठिणगी बाहेर येऊन चालणार नाही. प्रत्येक दिवा, प्रत्येक पेटी जाड लोखंडाची, आत ठिणगी पडली तरी आतच विझावी अशी. एक बोल्ट सैल राहिला तर सगळी पेटी निकामी. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी परमिट लागायचं, म्हणजे कुठे, काय, किती वेळ करणार याची सहीनिशी परवानगी. पहिले काही दिवस मला वाटलं, ही माणसं कामाला घाबरतात. मग जवळा बाजार आठवलं आणि मी तसं वाटणं बंद केलं.

आमचा फोरमन चौधरी नावाचा होता. तू याआधी कुठे काम केलंस, असं त्याने पहिल्या दिवशी विचारलं. मी खरं सांगितलं. तेव्हापासून मी "जिनिंगवाला". जेवणाच्या रांगेत, माणसांना बोलवायच्या पेजिंगच्या भोंग्यावर, सगळीकडे. "जिनिंगवाले को बुलाओ, कपास निकालनी है." बाकीचे हसायचे. एक रफिक सोडला तर मला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. मी काम शिकत होतो, आणि दात आवळून शिकलेलं काम पक्कं बसतं.

दुसऱ्या वर्षी एका पंपाची मोटर उघडायची होती. तिथला नियम असा की ज्याला काम करायचं त्याने आधी स्विच रूममध्ये जाऊन त्या मोटरची वीज तोडणारा ब्रेकर बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, नावाची पट्टी अडकवायची आणि किल्ली खिशात ठेवायची. मग त्याच्याशिवाय ते कुलूप कोणी काढायचं नाही. मी तसं केलं, खाली डेकवर गेलो आणि मोटरचं झाकण उघडून दोन्ही हात आत घातले.

वर काय झालं ते रफिकने सांगितलं. पंप तासाभरात चालू करून देतो असं चौधरी कोणाला तरी बोलून बसला होता. हे काम दुसऱ्या मोटरवर आहे, कुलूप चुकून इथे लागलंय असा त्याने स्वतःचा समज करून घेतला. मला शोधायला माणूस पाठवला नाही, कुलूप तोडायचं कटर मागवलं. रफिक त्याच खोलीत होता. तो जाऊन ब्रेकरच्या पॅनेलला पाठ लावून उभा राहिला.

"हट," चौधरी म्हणाला.

"नीचे आदमी का हाथ अंदर है."

"मैं बोल रहा हूं, हट."

"पहले मेरे को काटो, फिर ताले को," रफिक म्हणाला आणि एका हाताने भिंतीवरचा फोन काढून प्लॅटफॉर्मच्या इन्चार्जला बोलावून घेतलं.

इन्चार्ज आले तेव्हा मलाही वर बोलावलं. त्यांनी कुलूप पाहिलं, पट्टीवरचं माझं नाव वाचलं, कटर पाहिलं. आवाज चढवला नाही. चौधरीला सांगितलं की सामान बांध, पुढच्या हेलिकॉप्टरने जायचं. मला म्हणाले, "जाकर अपना काम पूरा करो." मी खाली जाऊन पुन्हा मोटरमध्ये हात घातले. जवळा बाजारला खरं बोलणाऱ्याला गाव सोडावं लागलं होतं. इथे पहिल्यांदाच दुसरा कोणीतरी निघाला होता. तो दिवस माझ्यासाठी केवढा होता हे मी कोणाला सांगू शकलो नाही. रफिकलासुद्धा नाही. त्याला मी फक्त चहा नेऊन दिला.

चौधरीची माणसं मात्र तिथेच होती. माझ्या चहात मीठ पडू लागलं. बूट गायब व्हायचे. मी टीव्हीच्या खोलीत शिरलो की सगळे उठून जायचे. अबोला मला नवा नव्हता. या लोकांचा अबोला मला लागलाही नाही, कारण त्यांच्याकडून मला काहीच नको होतं.

गावी मी वर्षातून एखादी फेरी मारायचो. बाळापूरला उतरलो की कोणीतरी हटकून विचारायचं, "जहाजावर संडास धुतो म्हणे?" ही बातमी मामाची. मी सांगत बसलो नाही. मधल्या काळात आमचा जिल्हा परभणीतून फुटून हिंगोली झाला, रस्त्यावर नव्या पाट्या लागल्या, कापसाच्या रानात सोयाबीन आलं. आमच्या घरात तेच. "त्याला म्हणा, भाकर गरम हाये." माझं लग्न झालं, बायको नांदेडची. आईने अक्षता टाकल्या, सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं नाही. पनवेलला खोली घेतली, मुलगी झाली. आई एकदाही आली नाही. दर भाऊबीजेला मामा आमच्या घरी यायचा, ओवाळून घ्यायचा, आणि तो दिवस टाळून मी गावी जायचो.

मग एका उन्हाळ्यात मी घरी असताना मामा आला. धंदा बसला होता, केस पिकले होते. सोबत त्याचा धाकटा मुलगा गणेश, नुकताच आयटीआय झालेला. मामा बाजेवर बसला. आईने दोघांना चहा दिला. मामा दादांशी पाऊसपाण्याचं बोलला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं गेलं इसरून जाय. गणेशला घेऊन जाय संग. तुह्या वळखी हायेत तिकडं."

"नेतो," मी म्हणालो. "तू एकदा जवळा बाजारला जाऊन ये. कौसल्याबाईची माफी माग. माही नको मागू."

मामाने कप खाली आपटला. "मामाला नाक घासायला लावून राहिला? त्या बाईच्या दवाखान्याला काय कमी केलं व्हतं म्या?"

"तिच्यासमोर जाऊन म्हण, चूक माही व्हती म्हून. एवढंच."

"ह्या जल्मात न्हाई." तो उठला आणि गणेशला म्हणाला, "चल."

गणेश उठला नाही. तो म्हणाला, "आप्पा, तुमी जा घरी. मी येतो मागून."

दुसऱ्या दिवशी तो संध्याकाळी परत आला, जवळा बाजारहून. ओसरीवर आम्ही तिघं होतो, दादा, आई आणि मी. गणेश उभ्यानेच बोलला. कौसल्याबाई अंगणात डाव्या हाताने भांडी घासत होती. त्याने बापाचं नाव सांगितलं, पाया पडायला वाकला, तर तिने पाय मागे घेतले. "तुह्या बापाला पाठव," ती म्हणाली. "तू काय केलंस? तू तं तवा लेकरू व्हतास." त्याने पुन्हा हात जोडले. मग तिने हातातलं तांब्याभर पाणी त्याच्या पुढ्यात जमिनीवर फेकलं. "निघ. दुसऱ्याची माफी मला नको."

"तिचं बराबर हाये," गणेश म्हणाला आणि खाली बसला.

आई मग माझ्याकडे वळली, सरळ माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"ह्याला घेऊन जाय," ती म्हणाली. "अन् ऐक. मी भावाला सोडनार न्हाई. तो चुकला हे मला पहिल्या दिसापासून ठाव हाये. तू बी त्याच्यावानीच हायेस, वाकत न्हाईस. माह्या बापाच्या घरचं रगत हाये ते. तुमी दोघं भांडा, मरा. पर माह्यासमोर एकमेकाचं नाव काढू नका."

मी हो म्हणालो.

गणेशला मी नेलं. ट्रेनिंगच्या त्या पिंजऱ्यातून तो पहिल्याच वेळी बाहेर आला. त्याला परमिट मी शिकवलं, कुलूप घालायला मी शिकवलं, आणि पहिल्या दिवशी माझ्या हाताखालच्या सगळ्या टोळीला बजावलं की याला नावाने हाक मारायची. मामाने माफी मागितली नाही. कौसल्याबाईने माफ केलं नाही. मी दोघांनाही बदलू शकलो नाही, आणि खरं सांगायचं तर मामाच्या बाबतीत मी स्वतःही बदललो नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला मी पहिल्यांदा गावी थांबलो. मामा आला. आईने त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. पंगतीत तो एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. जेवण होत आलं असताना माझा मोबाइल वाजला. प्लॅटफॉर्मवरून गणेश होता. मी बोललो, काम विचारलं, हवा विचारली. मामाचा घास हातातच राहिला होता. मी फोन त्याला दिला नाही. आईच्या हातात दिला. आईने तो भावाला दिला. मामा पोराशी बोलला, मान खाली घालून, "जेवतोस का नीट" एवढंच दोनतीनदा. मग फोन आईला परत दिला आणि आईने मला. आमची नजरभेट झाली नाही.

दुपारी मी निघालो. बायको-मुलगी पुढे रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. आई माझ्यासोबत कुंपणापर्यंत आली. आत बाजेवर मामा पाठमोरा बसलेला दिसत होता.

"पुढल्या साली बी ये," आई म्हणाली. "तो बी येईल."

"माय, मला अजून राग येतो त्याचा."

"मग राग घेऊन ये. पर ये."

पनवेलच्या बिल्डिंगमध्ये माझ्यावर कोणाचा राग नाही. माझाही तिथे कोणावर नाही. समुद्रात नाव मिळालं, कामाला मान मिळाला, आणि रजा संपली की मी तिथे निमूट परत जातो. घर म्हणाल तर ते अजून बाळापूरच्या पुढेच आहे. दर दिवाळीला मी जातो. राग घेऊनच जातो.